एकाच पाहुण्याची तयारी

१

ज्या गृहस्थांविषयी हे लिहायचे आहे त्यांना छापखान्यातील सर्व जण शुद्धराव म्हणत. पुढे शेजारीपाजारी आणि खुद्द पत्नीही त्यांना त्याच नावाने ओळखू लागली. ही हकीकत घडली त्या वर्षी त्यांनी वयाची एकाहत्तर वर्षे पूर्ण केली होती. शाळा त्यांनी लवकर सोडली होती. जे काही ज्ञान मिळवले ते मुद्रितशोधकाच्या टेबलाशी बसून, दुसऱ्यांच्या पुस्तकांतील चुका काढता काढता मिळवले, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने मिळालेले नसल्यामुळे त्यांना त्याचा रास्त अभिमान होता. व्हायोलिनही ते एका जुन्या पुस्तकावरून, गुरूवाचून शिकले होते. गज धरण्याची तुमची पद्धत चुकीची आहे, असे एका जाणकाराने एकदा त्यांना ऐकवले, तेव्हा "मग पुस्तकातली आकृती चुकीची छापली असेल, मी काही चुकलेलो नाही," असे उत्तर देऊन ते मोकळे झाले होते.

त्यांच्या पत्नीला सारे वहिनी म्हणत. वहिनी गात असत, आणि गात ती गाणी त्यांची स्वतःची असत. न उघडणारी खिडकी, चुकलेली बस, आईचा हरवलेला चष्मा असल्या विषयांवर, ओट्यापाशी उभ्या राहून, त्यांनी आयुष्यभर गाणी रचली आणि कुणालाही ऐकवली नाहीत. शुद्धराव निवृत्त झाल्यावर एका भाचीने ती फोनवर ध्वनिमुद्रित करून चार ठिकाणी पाठवली. मग ज्यांचे तोंडही कधी पाहिले नव्हते अशा माणसांकडून 'आमच्या घरी येऊन गाल का?' अशी विचारणा होऊ लागली. पाठीशी कंपनी नाही, व्यवस्थापक नाही, जाहिरात नाही. एक जुनी गाडी, मागच्या बाकावर व्हायोलिनची पेटी आणि पुढे नवराबायकोची कुरबूर, एवढ्या भांडवलावर 'वहिनींची गाणी' हा कार्यक्रम गावोगाव फिरू लागला.

अशा फिरत्या कलावंतांना अनोळखी माणसांची माया जगवते. कुणी आपली निजण्याची खोली रिकामी करून देतो. कुणी दिवाणखान्यातील सोफे भिंतीला लावून शेजाऱ्यांना गोळा करतो, आणि निघताना डबा बांधून देतो. या मंडळींत एक अलिखित नियमही होता. ज्या घरातून पाहुणे निघत, त्या घराने पुढच्या घराला फोन करून पाहुण्यांच्या सवयी कळवायच्या. वहिनींचा चहा बिनसाखरेचा, शुद्धरावांना दोन चमचे. वहिनींना खिडकीची बाजू आणि पातळ उशी, शुद्धरावांना दोन जाड उश्या, एक डोक्याला आणि एक गुडघ्याखाली. परिणामी प्रत्येक नव्या घरात शिरताना, आपण इथे पूर्वी राहून गेलो आहोत असे दोघांना वाटे. शुद्धरावांना तर या व्यवस्थेचे फार कौतुक होते. माणसांच्या हातून इतके बिनचूक काम होताना त्यांनी क्वचितच पाहिले होते.

चूक प्रथम दिसली ती एका दंतवैद्य बाईंच्या घरी. दुपारची वेळ होती. हातपाय धुऊन दोघे बैठकीत बसले, तोच बाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये एकच कप होता.

"अगं बाई!" ट्रे टेबलावर ठेवता ठेवता त्या चपापल्या. "हे काय केलं मी? लोकांच्या दोन-दोन दाढा एका बैठकीत काढते, आणि कप एकच आणला!"

"असू द्या हो," वहिनी हसून म्हणाल्या, "अर्धा अर्धा घेऊ. लग्नानंतर काही दिवस घेत होतो तसा. मग यांना त्यात जंतू दिसायला लागले."

शुद्धरावांनी रीतीप्रमाणे कप पत्नीपुढे सरकवला. वहिनींनी एक घोट घेतला आणि कप तसाच ओठांशी धरून ठेवला.

"भाजलं का?" शुद्धरावांनी विचारले.

"नाही हो. छान झालाय."

बाई दुसरा कप आणायला लगबगीने आत गेल्या आणि आतूनच विचारू लागल्या, "काका, तुम्हाला साखर किती घालू?"

मागच्या घराने निरोप अर्धवट दिला, एवढीच नोंद शुद्धरावांनी मनाशी केली, आणि त्या घराबद्दलचे त्यांचे मत किंचित खाली आले.

२

पुढचा मुक्काम एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे होता. घरभर कापडाचा वास, दाराशी धाग्यांचे तुकडे आणि पाहुण्यांच्या खोलीत भिंतीशी मिटून ठेवलेले शिलाई मशीन. पलंग दोघांचा होता, अंथरूण मात्र एकाचेच घातलेले होते. खिडकीकडच्या बाजूला चादर ताणून बसवली होती, तिच्यावर एक पातळ उशी आणि पायथ्याशी नीट घडी केलेले पांघरूण होते. दुसऱ्या बाजूला उघडी गादी होती.

बाई दारातच थबकल्या. "मेलं हे कोणी केलं असं?" आणि लगेच ओशाळून म्हणाल्या, "कोणी म्हणजे मीच की! घरात दुसरं आहे कोण? बाई, बाई! माझी मापं कधी चुकत नाहीत हो. विचारा गावात कुणालाही."

"यांना गाडीतच झोपवायचा बेत असेल तुमचा," वहिनी म्हणाल्या. "घोरतात ते फोनवर कळलं असेल." त्या मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर उशीवर थांबली. नंतर पुढे होऊन त्यांनी स्वतःच दुसऱ्या बाजूची चादर अंथरली. ती अंथरताना त्यांनी इतका वेळ लावला की शिवणकाम करणाऱ्या बाईंनाही अवघडल्यासारखे झाले.

सकाळी दाढी करताना शुद्धरावांनी या प्रकाराचा शांतपणे विचार केला. त्यांच्या धंद्यात ही गोष्ट नवी नव्हती. पहिल्या प्रुफात एखादी चूक राहते, आणि ती कुणी पाहिली नाही तर पुढच्या प्रत्येक प्रतीत इमानाने उतरत जाते. शेवटच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नसतो. मागे मागे जाऊन पहिली चूक शोधावी लागते. कुठल्या तरी घराने फोनवर 'पाहुणे येत आहेत' याऐवजी 'पाहुणा येत आहे' असे काहीसे सांगितले असणार, आणि तेच पुढे चालू राहिले असणार. सर्व पत्रव्यवहार शुद्धरावांच्या नावाने चाले. तेव्हा तो एक पाहुणा म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. गाणारीला विसरतात आणि पत्र लिहिणाऱ्याला लक्षात ठेवतात, या विचाराने त्यांना थोडे हसू आले, थोडे बरेही वाटले, आणि बरे वाटल्याबद्दल लगेच शरमही वाटली.

निघण्यापूर्वी त्यांनी बाईंना बजावले, "पुढच्या घरी फोन कराल, तेव्हा दोघे असं स्पष्ट सांगा."

"सांगते ना. दोघे. दोन माणसं. एक काका, एक काकू." बाईंनी बोटांवर मोजूनही दाखवले.

३

तिसरे घर सायकलदुरुस्तीच्या दुकानावर होते. खाली दुकान, वर दोन खोल्या. तिथे सायकलवाला आपल्या म्हाताऱ्या आईसह राहत असे. जिन्यात वंगणाचा वास होता आणि भिंतीवर हातांचे काळे ठसे होते.

संध्याकाळी वरच्या मोठ्या खोलीत शेजारीपाजारी जमले. सायकलवाल्याने कुठून कुठून खुर्च्या मागून आणल्या होत्या. समोर, खिडकीपाशी, गाणाऱ्यांसाठी मोकळी जागा ठेवून तिथे एक खुर्ची मांडली होती. एकच.

"अरे, दोन सांगितल्या होत्या ना तुला?" म्हातारी मुलावर खेकसली.

"दोनच ठेवल्या होत्या आई, शपथ!" तो डोके खाजवत म्हणाला. "मग एक मीच उचलून मागे नेली वाटतं. का नेली, देव जाणे."

शुद्धराव उभ्याने वाजवतो म्हणाले आणि त्यांनी तसेच वाजवले. गाणी नेहमीपेक्षा रंगली. न उघडणाऱ्या खिडकीच्या गाण्याला लोक हसले, आणि शेवटच्या कडव्याला, जिथे नेहमी हसतात तिथेच, पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी पदर डोळ्यांना लावू लागल्या. त्या गाण्यात रडण्यासारखे काही नाही, हे शुद्धराव खात्रीने सांगू शकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सायकलवाल्याने एकही पिशवी त्यांना उचलू दिली नाही. गाडीचे चाक तपासले, काच पुसली. म्हातारी जिना उतरून खाली आली. तिचे गुडघे धरलेले होते, तरी आली. खालच्या आवाजात, एकेक शब्द जपून ती म्हणाली, "काही लागलं तर फोन करायचा. वेळ बघायची नाही. हे घर आपलं समजायचं. एकटं एकटं राहायचं नाही."

ती असे म्हणाली तेव्हा शुद्धराव गाडीचे मागचे दार लावत होते. ती कुणाकडे पाहून बोलली हे त्यांनी पाहिले नाही. पण तो आवाज त्यांनी ओळखला, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

तो आवाज त्यांनी छापखान्यात ऐकला होता. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका वृद्ध कामगाराची बायको गेली, तेव्हा तेराव्या दिवसानंतर तो कामावर आला. त्या सकाळी सगळा छापखाना त्याच्याशी याच आवाजात बोलत होता. त्याचा स्टूल कुणीतरी पुसून ठेवला होता. त्याला कुणी काही उचलू देत नव्हते. आणि 'वेळ बघायची नाही, फोन करायचा' असे प्रत्येक जण म्हणत होता.

एक कप. एकाचे अंथरूण. एक खुर्ची. ज्याचे कोणी गेले आहे अशा माणसाला जग ज्या हळुवारपणे वागवते, त्या हळुवारपणाने ही अनोळखी माणसे आपल्याला वागवीत आहेत, असे शुद्धरावांच्या लक्षात आले. ते गाडीत बसले तेव्हा शेजारी वहिनी होत्या. गाडीचा पट्टा लावता लावता गुणगुणत होत्या. ठणठणीत होत्या.

४

त्यानंतर शुद्धरावांनी पत्नीवर डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. जिना चढताना दम लागतो का, जेवण कमी झाले का, बोलता बोलता शब्द अडखळतो का, हे ते पाहू लागले.

"काय टक लावून बघताय?" वहिनी म्हणाल्या. "माझ्यात काही चुका राहिल्यात का?"

"छातीत दुखतं का तुझ्या?"

"नाही. डोक्यात जातंय फक्त."

वाटेत पेट्रोल पंपाजवळ गाडी थांबली. वहिनी बाकावर बसून संत्रे सोलू लागल्या. तेवढ्यात शुद्धराव बाजूला गेले आणि त्यांनी दंतवैद्य बाईंना फोन लावला. पहिली चूक जिथे दिसली तिथूनच शोध घ्यायचा, असे त्यांनी ठरवले होते. पाहुणा एकच असल्याचे आपणास कोणी सांगितले, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला.

"कुणीच नाही काका," बाई म्हणाल्या. "दोघं येणार हे मला चांगलं माहीत होतं. मी कपही दोन काढले होते. ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले होते. पण ट्रे भरताना हात एकावरच थांबला. दुसरा कप समोर दिसत होता, आणि तो घ्यायचाय असं वाटतच नव्हतं. एक सांगू का? तुम्ही गेलात ना त्या दिवशी, तर मला आणि ह्यांना, दोघांनाही, उगाचच फार भरून आलं. दवाखाना उघडायला उशीर झाला मला. तुम्ही बरे आहात ना?"

शुद्धरावांनी औपचारिक आभार मानले आणि फोन ठेवला. ते बाकाकडे परतले आणि ताठ आवाजात म्हणाले,

"आपण परत जायचं. आज, आत्ता."

"का?"

"माझी इच्छा."

"मोठे आले इच्छावाले!" वहिनींनी संत्र्याच्या फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. "आता एक घर राहिलंय आणि मग सभागृह. खरंखुरं सभागृह. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. कुणी उचलून मागे नेऊ शकणार नाही अशा. इतकी वर्षं लोकांच्या सोफ्यांमध्ये वाजवलंत. एकदा तरी तुमचं व्हायोलिन खऱ्या सभागृहात वाजलं पाहिजे. मी सोडणार नाही."

"मला नाही हौस सभागृहाची. तू घरी चल. डॉक्टरला दाखवू."

"कुणाला दाखवायचंय डॉक्टरला?"

"तुला."

वहिनींनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्या काहीतरी बोलणार असे वाटले. पण त्यांनी सालांची पुडी बांधली, ती डब्यात टाकली आणि गाडीत जाऊन बसल्या. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात हा त्यांचा अखेरचा शब्द असे, आणि त्यापुढे कुणाचे काही चालत नसे. शुद्धरावांनी मनाशी तडजोड केली. हे एक घर होऊ द्यावे, आणि तिथे पुन्हा काही खुपले, तर हाताला धरून तिला घरी न्यावे, मग ती कितीही रुसो.

५

ते घर एका निवृत्त परिचारिकेचे होते. त्या आणि त्यांचा थोरला भाऊ असे दोघेच तिथे राहत. रस्त्याच्या टोकाला बैठे घर, पुढे अरुंद ओसरी, आणि ओसरीतून आत जाणारे काचेचे दार. ऊन कलले होते. वाऱ्याने कुंडीतील पाने एकसारखी वाजत होती.

परिचारिका बाई बाहेरच उभ्या होत्या. त्यांनी वहिनींचा हात धरला, पिशवी घेतली आणि त्यांना घेऊन त्या आत गेल्या. शुद्धराव मागे राहिले. गाडीची चावी काढायची, काचा वर घ्यायच्या, व्हायोलिनची पेटी काढायची, दारे ओढून पाहायची, हा त्यांचा क्रम होता आणि तो ते मोडत नसत. पेटीचा पट्टा एकदा तुटला होता. वहिनींनी तो जाड निळ्या दोऱ्याने शिवून दिला होता. तो खांद्याला अडकवून ते ओसरीत आले.

काचेचे दार लोटलेले होते. आत दिवाणखाना दिसत होता. वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. परिचारिका बाई त्यांच्या शेजारी, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसल्या होत्या. भाऊ समोर मान खाली घालून उभा होता. कुणी बोलत नव्हते. वहिनींपुढे एक कप होता.

त्यांचे केस पांढरे होते.

शुद्धरावांच्या पत्नीचे केस करडे होते. सकाळीच त्यांनी ते विंचरताना पाहिले होते. काचेवर उजेड पडल्यामुळे तसे दिसत असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले आणि ते एक पाऊल पुढे सरकले. तेव्हा त्यांना वहिनींच्या शेजारची खुर्ची दिसली. खुर्चीवर व्हायोलिनची पेटी आडवी ठेवली होती. तिचा पट्टा खाली लोंबत होता. पट्ट्यावर निळा दोरा होता.

त्यांनी आपल्या खांद्यावर हात नेला. पेटी तिथे होती. तिचे वजन होते. बोटांना शिवण लागली.

आत भावाने वर पाहिले. तो दाराकडे आला. काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर, त्याचा चेहरा शुद्धरावांच्या चेहऱ्यासमोर आला. त्याची नजर त्यांच्यातून आरपार जाऊन रस्त्यावर, पानांवर, रिकाम्या ओसरीवर फिरली. "वारा येतोय," असे तो मागे वळून म्हणाला, आणि त्याने दार हलकेच लावून घेतले. कडी बसल्याचा बारीक आवाज झाला.

शुद्धराव किती वेळ उभे होते हे त्यांना पुढे सांगता आले नसते. आयुष्यभर त्यांनी आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवला होता. ओळीत एक टिंब अधिक पडले तरी जे डोळे अडखळत, ते खोटे बोलत आहेत असे म्हणायला त्यांचे मन धजेना. त्यांनी हाताची मूठ करून काचेवर टकटक केले. हात आपलाच आहे याची खात्री व्हावी म्हणून जरा जोरानेच केले.

दार लगेच उघडले. "अहो, बाहेर का उभे?" परिचारिका बाई म्हणाल्या. "दार लागलं वाटतं वाऱ्यानं. या, या काका!" भाऊ पुढे होऊन हसतमुखाने पेटी घ्यायला वाकला. सोफ्यावरून वहिनींनी पाहिले. केस करडे होते. शेजारची खुर्ची रिकामी होती.

त्यांच्यापुढे मात्र एकच कप होता.

"थांबा, तुमचाही आणते," बाई ओशाळून म्हणाल्या. "कसं झालं कोण जाणे."

"आधी हा बघू," शुद्धराव म्हणाले. रीतभात सोडून, उभ्या उभ्या, त्यांनी पत्नीचा कप उचलला आणि एक घोट घेतला.

चहात साखर नव्हती.

मग बाकीच्या सगळ्या खुणा त्यांच्या मनात एकामागून एक जागेवर जाऊन बसल्या. अंथरूण खिडकीच्या बाजूला होते. उशी पातळ होती. खुर्ची गाणारीच्या जागी मांडलेली होती. म्हातारी जिना उतरून आली ती ज्या बाजूला वहिनी उभ्या होत्या त्या बाजूला. सगळी तयारी बिनचूक होती, आणि ती वहिनींसाठी होती. विसरला जात होता तो दुसरा माणूस. पत्रे आपल्या नावाने जातात म्हणून पाहुणा आपणच, असे ज्याने खुशाल गृहीत धरले होते, तोच.

त्यांना घाम फुटला. पण सांगायला हवे ते हे की, त्या घामाबरोबरच त्यांना इतके हलके वाटले की क्षणभर हसूच येईल असे झाले. तिला काही होणार नव्हते. तिचे केस पांढरे होण्याइतका वेळ तिला होता.

६

संध्याकाळी दिवाणखाना माणसांनी भरला. खुर्च्या शुद्धरावांनी स्वतः मांडल्या. दोन गाणी नेहमीप्रमाणे झाली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, वहिनी आईच्या चष्म्याचे दुसरे कडवे म्हणत असताना, त्यांनी गज तारांवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

वहिनींचा आवाज एका श्वासापुरता डगमगला. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेत रागही होता. शुद्धरावांनी मान हलवून 'पुढे' अशी खूण केली. मग त्या पुढे गेल्या. आधाराला काही नसलेला तो आवाज आधी भिंत चाचपून चालणाऱ्या माणसासारखा जपून चालला, आणि मग त्याला खोली सापडली. लोक हलेनासे झाले. बाहेर पाने वाजत होती तीही ऐकू येत होती.

लोक गेल्यावर दोघे ओसरीत बसले. आत परिचारिका बाई आणि त्यांचा भाऊ जेवण वाढत होते.

"मध्येच काय झालं? तार तुटली?" वहिनींनी विचारले.

"नाही. ऐकत होतो."

"इतकी वर्षं ऐकताच आहात की."

"साथ करताना ऐकू येत नाही. स्वतःचंच ऐकू येतं. सभागृहातही एक गाणं असंच म्हण. चांगलं होतं. सवय होईल."

"कशाची सवय?"

शुद्धरावांनी ओसरीच्या काचेच्या दाराकडे पाहिले. वहिनींनी साडीचा पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"त्या दाताच्या बाईंच्या चहात साखर नव्हती," त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "पहिल्या घोटालाच कळलं. म्हटलं, हा माझा. मग यांचा कुठे आहे?"

"तेव्हाच कळलं? आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय केलं असतंत? मला घेऊन घरी गेला असतात, आणि आपण दोघं एकमेकांकडे बघत बसलो असतो. म्हणून तर सभागृहाचा धोशा लावला. माझ्यासाठी नाही हो. मला लोकांचे सोफे पुरतात."

"वेडी आहेस."

"असू दे. चुका काढू नका."

आतून भावाने हाक मारली, जेवण गार होते आहे म्हणून. शुद्धराव उठले. उठताना त्यांनी पत्नीच्या खांद्याचा आधार घेतला, आणि आधार घेतला तो हात जेवणाच्या टेबलापर्यंत तसाच राहू दिला. त्या दोघा भावाबहिणींसमोर त्यांना कधी नव्हे ते त्याचे काही वाटले नाही.

सभागृहातील कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. शुद्धरावांनी वाजवले आणि चांगले वाजवले. एका गाण्यात त्यांनी गज खाली ठेवला. घरी परतल्यावर काही आठवड्यांनी ते गेले. वहिनींना गाडी चालवता येत नाही. त्यामुळे आता एका घरची माणसे त्यांना आपल्या गाडीतून पुढच्या घरी नेऊन पोहोचवतात, आणि त्या सगळी गाणी साथीशिवाय म्हणतात.